मखमलचे औषध

(आजारी माणूस आपले दुखणे बोलून दाखवतो. मुक्या प्राण्याला ते सांगता येत नाही. त्याचे दुखणे आपण ओळखावे लागते आणि उपचारही जाणकाराला विचारूनच करावे लागतात. घरातला ससा आजारी पडल्यावर सलमाने काय केले, तिच्या हातून कोणती चूक होता होता राहिली आणि ती काय शिकली, हे तिने या पाठात स्वतःच सांगितले आहे.)

भिवंडीत आमचे दोन खोल्यांचे घर आहे. गल्लीच्या टोकाला यंत्रमागाचा कारखाना आहे. तिथल्या मागांची खटखट आमच्या घरात ऐकू येते. या गोंगाटात आमच्या घरी एक अगदी न बोलणारा जीव राहतो. तो म्हणजे आमचा पांढराशुभ्र ससा, मखमल.

मखमल भुंकत नाही, म्याँव करत नाही. भूक लागली तर पिंजऱ्याची जाळी दातांनी ओढतो. आनंद झाला तर हवेत उडी मारून अंग फिरवतो. माझा धाकटा भाऊ मुन्ना तर शाळेतून आला की दप्तर टाकून आधी त्याच्याजवळ बसतो.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी मखमलला शिंका येऊ लागल्या. नाक वाहू लागले. पुढच्या पंजांनी तो सारखे नाक पुसत होता. त्यामुळे पंजांवरचे केस ओले होऊन चिकटले होते. समोर टाकलेले गवतही त्याने अर्धेच खाल्ले.

मला एकदम आठवले. महिन्यापूर्वी माझा घसा सुजला होता. तेव्हा डॉक्टरांनी मला कॅप्सूल दिल्या होत्या. त्यांतल्या चार पाकिटात उरल्या होत्या. मी मनात म्हटले, "मला गुण आला, तर मखमललाही येईल. तो लहान आहे, म्हणून अर्धीच देऊ." मी एक कॅप्सूल उघडली. तिची अर्धी पूड वाटीत घेतली आणि तिच्यात पाणी घातले. मुन्ना मखमलला कानांना धरून उचलू लागला.

तेवढ्यात दादी नमाज आटोपून बाहेर आली. "हे काय चालले आहे?" तिने विचारले. मी सांगितले. दादीने माझ्या हातातली वाटी काढून घेतली. ती म्हणाली, "बेटी, तुझे औषध तुला डॉक्टरांनी तपासून दिले होते. याला कोणी तपासले? त्या मुक्या जीवाला तुला नको म्हणता येत नाही. मग निदान जाणत्या माणसाला तरी विचार."

आम्ही मखमलला टोपलीत ठेवले, वर कापड बांधले आणि गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो.

दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या. त्यांनी विचारले, "हा कधीपासून शिंकतो? काल किती खाल्ले? आज सकाळपासून लेंड्या टाकल्या का?" शेवटचा प्रश्न ऐकून मुन्ना हसला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हसू नकोस, बाळ. सशाचे पोट चालू आहे की बंद, हे लेंड्यांवरून कळते. ससा दिवसभर थोडेथोडे खात असतो. त्याने दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही आणि लेंड्याही टाकल्या नाहीत, तर त्याच्या जिवाला धोका आहे असे समजावे. उद्यापर्यंत वाट पाहू नये."

मी भीत भीत त्यांना कॅप्सूलचे पाकीट दाखवले. ते वाचून त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"यातले काही दिलेस का त्याला?"

"नाही. दादीने थांबवले."

"दादीने याचा जीव वाचवला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे अ‍ॅमॉक्सिसिलीन आहे. पेनिसिलीनच्या जातीचे औषध. माणसाला ते चांगले. पण सशाला तोंडावाटे दिले तर ते विषासारखे ठरू शकते."

"असे कसे?" मी विचारले. "औषध तर तेच आहे ना?"

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले, "सशाच्या आतड्याला जोडलेली एक मोठी पिशवी असते. तिच्यात कोट्यवधी उपकारक जिवाणू राहतात. गवतातला चोथा तेच पचवतात. हे औषध पोटात गेले की त्यांतले बरेच जिवाणू मरतात. मग घातक जिवाणूंना रान मोकळे मिळते. ते वाढतात आणि विष तयार करतात. सशाला जुलाब लागतात आणि तो दगावतो. शिवाय सशाला उलटी होत नाही. नको ते पोटात गेले, तर ते बाहेर टाकण्याचा मार्गच त्याला नाही."

मग त्यांनी एक हकिकत सांगितली. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलीनचा शोध लावला. १९४० साली ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ उंदरांना घातक जंतू टोचले. त्यांपैकी ४ उंदरांना पेनिसिलीन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चारही जिवंत होते. ज्यांना औषध दिले नव्हते, ते चारही मेले होते. पुढे या औषधाने लाखो माणसांचे प्राण वाचवले. पण १९४३ साली असे दिसून आले, की गिनीपिग या लहान प्राण्याला तेच औषध मारक ठरते!

"म्हणून लक्षात ठेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "प्राणी बदलला की औषध बदलते. औषध देण्याची वाटही महत्त्वाची असते. पेनिसिलीन गरज पडल्यास आम्ही सशाला सुईने टोचतो. पण तोंडावाटे कधीच देत नाही. कुत्र्याच्या गोचिडांवर लावायचे फिप्रोनिल नावाचे औषधही सशाला लावू नये. त्यानेही ससे दगावतात."

नंतर त्यांनी मला विचारले, "आणि काय गं, तुझ्या चार कॅप्सूल उरल्याच कशा?"

मी मान खाली घातली. घसा दुखायचा थांबल्यावर मी त्या घेतल्याच नव्हत्या.

डॉक्टरबाईंनी मखमलला तराजूवर ठेवले. वजन भरले १ किलो ६०० ग्रॅम. त्यांनी कागद पुढे ओढला. "गणित येते ना? मग तूच कर. या औषधाची मात्रा दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम आहे. मग मखमलला किती?"

"आठ मिलिग्रॅम," मी उत्तर दिले.

"बरोबर. या बाटलीतल्या १ मिलिलीटर औषधात २० मिलिग्रॅम औषध आहे. म्हणजे एका वेळी किती मिलिलीटर द्यायचे, ते मी चिठ्ठीवर लिहून देते. दिवसातून दोन वेळा, दहा दिवस. हे माप मखमलपुरतेच, याच बाटलीपुरतेच आणि याच आजारापुरते. शेजारच्या सशालाही यातले देऊ नका."

मग त्यांनी औषध कसे द्यायचे ते करून दाखवले. मखमलला कानांना धरून त्यांनी उचलले नाही. एक हात छातीखाली आणि दुसरा हात मागच्या पायांखाली घेऊन त्याला टेबलावरच्या जाड टॉवेलवर ठेवले. "सशाची हाडे हलकी असतात आणि मागचे पाय फार जोरकस. घाबरून त्याने हवेत लाथ झाडली, तर त्याचा कणा मोडू शकतो," त्या म्हणाल्या. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात, तसे त्यांनी मखमलला टॉवेलमध्ये गुंडाळले. फक्त डोके बाहेर ठेवले. टॉवेल घट्ट होता, पण छाती दबत नव्हती.

नंतर सुई नसलेली १ मिलिलीटरची सिरिंज त्यांनी हातात घेतली. मखमलचा ओठ बाजूने किंचित उचलला. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली. "सिरिंजचे टोक समोरून नाही, या बाजूच्या जागेतून आत घालायचे. थोडे औषध सोडायचे. तो तोंड हलवून गिळतो का, ते पाहायचे. गिळले की मग पुढचे. त्याचे डोके मागे वाकवायचे नाही आणि त्याला उताणे कधीच करायचे नाही. घाईने पिचकारी मारली, तर औषध पोटाऐवजी फुप्फुसात जाईल."

घरी आल्यावर संध्याकाळची वेळ झाली. मी चिठ्ठी समोर ठेवली, बाटली हलवली आणि सिरिंजमध्ये औषध ओढले. डॉक्टरबाईंनी एक नियम घालून दिला होता : औषध देण्यापूर्वी त्याचे माप दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचे. म्हणून मी दादीला वाचून दाखवले, "शून्य दशांश आठ मिलिलीटर."

दादीला मराठी लिपी वाचता येत नाही. पण तिचे कान तिखट आहेत. ती म्हणाली, "आठ? निघताना बाईंनी मला तर 'चार' सांगितले होते."

"दादी, आठच आहे. हे पाहा ना!" मी चिठ्ठी पुढे केली. पण माझ्या मनात शंका आली. मी वही काढली आणि गणित पुन्हा मांडले. १.६ गुणिले ५ म्हणजे ८ मिलिग्रॅम. १ मिलिलीटरमध्ये २० मिलिग्रॅम. ८ भागिले २० म्हणजे... शून्य दशांश चार!

मी चिठ्ठीकडे पुन्हा नीट पाहिले. डॉक्टरबाईंनी आकडा मराठीत लिहिला होता. मराठीतला चार मला इंग्रजीतला आठ वाटला होता. वरची फट मी पाहिलीच नव्हती. शिवाय 'आठ मिलिग्रॅम' हे उत्तर डोक्यात घोळत होते. आम्ही शाळेत तीन भाषा शिकतो. तिन्ही भाषांचे आकडे वेगवेगळे. उर्दूत तर शून्यच टिंबासारखा काढतात. एका आकड्याच्या गोंधळाने मखमलच्या तोंडात दुप्पट औषध गेले असते. माझे हात थरथरू लागले.

मी जास्तीचे औषध काढून टाकले आणि सिरिंज चौथ्या मोठ्या रेघेपर्यंतच भरली. मग एका कागदावर अक्षरांत लिहिले, "शून्य दशांश चार मिलिलीटर. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा." तेच खाली उर्दूतही लिहिले आणि कागद बाटलीला चिकटवला. दादीने तो वाचला आणि मान डोलवली.

मी जमिनीवर मांडी घालून बसले. मुन्नाने टॉवेल धरला. पण पहिल्याच दिवशी मी थोडी घाई केली. मखमलने डोके झटकले आणि थोडे औषध त्याच्या हनुवटीवरून ओघळले. मुन्ना म्हणाला, "अजून थोडे भर." पण किती पोटात गेले आणि किती सांडले, हे कुणाला ठाऊक? अंदाजाने पुन्हा द्यायचे नाही, असे आम्ही ठरवले. वहीत लिहिले : 'पहिला दिवस, संध्याकाळ. थोडे सांडले.' दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "चांगले केलेस. चुकलेली मात्रा पुढच्या वेळी दुप्पट करून भरून काढायची नसते."

मुन्नाने आणखी एक युक्ती सुचवली. "औषध पाण्याच्या भांड्यातच घालू या. तो आपोआप पिईल." मी डॉक्टरबाईंना तेही विचारले होते. पाण्याची चव बदलली, तर ससा पाणी पिणेच सोडतो. शिवाय त्याच्या पोटात किती औषध गेले, हे कळत नाही. म्हणून ती युक्ती आम्ही सोडून दिली.

हळूहळू आमचा हात बसला. औषध झाले, की मी सिरिंज धुऊन ठेवत असे आणि वहीत खूण करत असे. मुन्ना मखमलला कोथिंबिरीची काडी देत असे. अब्बा कामावरून येताना तबेल्यातून वाळके गवत आणत. मखमलने गवत किती खाल्ले आणि लेंड्या किती टाकल्या, हेही वहीत लिहायचे काम मुन्नाकडे होते. आता तो हसत नव्हता.

पाचव्या दिवशी शिंका थांबल्या. मखमलचे नाक कोरडे झाले. मुन्ना म्हणाला, "आपा, आता पुरे. तो बरा झाला." मला माझ्या उरलेल्या चार कॅप्सूल आठवल्या. डॉक्टरबाईंनी सांगितले होते, की बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडले तर काही रोगजंतू शिल्लक राहतात आणि आजार पुन्हा उलटतो. आम्ही दहाही दिवस पूर्ण केले.

अकराव्या दिवशी सकाळी पिंजरा उघडला. मखमल बाहेर आला, दोन पायांवर उभा राहिला आणि उडी मारून त्याने अंग फिरवले. मुन्नाने टाळ्या वाजवल्या. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने लिहिले, 'मखमल बरा झाला.'

दादी दारात बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "दादी, त्या दिवशी तू आली नसतीस तर...?" दादी हसली. म्हणाली, "तुझा जीव त्याच्यावर होताच, बेटी. पण नुसता जीव असून भागत नाही. विचारावे लागते आणि मोजावे लागते."

माझ्या त्या चार कॅप्सूल आता घरात नाहीत. अम्मीने त्या औषधाच्या दुकानात परत नेऊन दिल्या. मात्र मखमलची वही मी अजून जपून ठेवली आहे.

शब्दार्थ

यंत्रमाग – विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग
गुण येणे – औषधाने बरे वाटणे
जाणता – माहितगार, अनुभवी
लेंडी – ससा, शेळी यांची गोळीसारखी विष्ठा
उपकारक – फायद्याचे
दगावणे – मरण पावणे
रान मोकळे मिळणे – अडवणारे कोणी नसणे
मात्रा – औषधाचे ठरलेले माप
दुपटे – तान्ह्या बाळाला गुंडाळायचे कापड
कान तिखट असणे – बारीक आवाजही नीट ऐकू येणे
हात बसणे – सवयीने काम चांगले जमणे
आजार उलटणे – बरा झालेला आजार पुन्हा होणे

टीप : पाळीव ससा आणि रानससा हे वेगवेगळे प्राणी आहेत. रानससा हा वन्य प्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे हा गुन्हा आहे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मखमलच्या पुढच्या पंजांवरचे केस ओले का झाले होते?
(आ) दादीने सलमाच्या हातातून काय काढून घेतले?
(इ) मखमलचे वजन किती भरले?
(ई) सलमाने बाटलीवरच्या कागदावर माप अक्षरांत का लिहिले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पेनिसिलीनच्या जातीचे औषध सशाला तोंडावाटे देऊ नये.
(आ) सशाला कानांना धरून उचलू नये.
(इ) सशाचे औषध पाण्याच्या भांड्यात घालू नये.
(ई) बरे वाटले तरी औषध मध्येच सोडू नये.

प्र. ३. पुढील वाक्ये योग्य क्रमाने लावा.
(अ) थोडे औषध सोडावे व ससा गिळतो का ते पाहावे.
(आ) चिठ्ठीवरचे माप दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे.
(इ) सिरिंज धुऊन ठेवावी व वहीत खूण करावी.
(ई) सशाला टॉवेलमध्ये गुंडाळावे.
(उ) ओठ बाजूने उचलून सिरिंजचे टोक आत घालावे.

प्र. ४. कोण कोणास म्हणाले?
(अ) "तुझ्या चार कॅप्सूल उरल्याच कशा?"
(आ) "आपा, आता पुरे. तो बरा झाला."
(इ) "पण नुसता जीव असून भागत नाही."

प्र. ५. मखमलचे वजन २ किलो असते, तर त्याच बाटलीतले औषध एका वेळी किती मिलिलीटर द्यावे लागले असते? गणित करा व उत्तर अक्षरांत लिहा.

प्र. ६. सलमाच्या जागी तुम्ही असता, तर ससा आजारी पडल्यावर प्रथम काय केले असते? पाच-सहा वाक्यांत लिहा.

भाषाभ्यास

(१) 'ससा' या शब्दाला प्रत्यय लागताना त्याचे रूप बदलते : ससा – सशाला, सशाचे, सशाने. त्याचप्रमाणे 'मासा', 'पैसा', 'घसा' या शब्दांना 'ला' प्रत्यय लावून रूपे लिहा.

(२) उर्दूत 'दवा' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. मराठीत 'औषध' हा शब्द नपुंसकलिंगी आहे : कडू औषध – ते औषध – औषधे. पाठातून आणखी तीन नपुंसकलिंगी शब्द शोधा.

(३) 'दवाखाना', 'वजन', 'कागद' हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हींकडे वापरतात. पाठातून असे आणखी शब्द शोधून यादी करा. लिहिताना काही शब्दांचा उच्चार कसा बदलतो, ते शिक्षकांना विचारा.

उपक्रम

एका तक्त्यावर १ ते १० हे आकडे उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन ओळींत लिहा. एकमेकांसारखे दिसणारे आकडे रंगीत पेन्सिलीने दाखवा. हा तक्ता वर्गात लावा.